बरोबरीत सुटलेला डाव घरी कसा तपासावा

क्लबच्या पातळीवर बुद्धिबळ खेळणारा माणूस हरलेला डाव चरफडत का होईना पुन्हा मांडतो आणि जिंकलेला डाव भेटेल त्याला दाखवतो. बरोबरीत सुटलेल्या डावाची स्कोअरशीट, म्हणजे खेळ्या लिहिलेला कागद, मात्र चार घड्या होऊन खिशात जाते आणि पुढच्या धुण्यात तिचा लगदा होतो. मीही अनेक वर्षे तेच केले. त्या कागदाचे काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि संगणकाला त्यात केव्हा बोलवावे, हे येथे माझ्याच एका डावाच्या आधाराने सांगतो. तो डाव इंदूरमध्ये झालेल्या एका मानांकन स्पर्धेच्या चौथ्या फेरीतला आहे. पांढरी मोहरी माझ्याकडे होती, माझे रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, १६१२ होते आणि समोर १५४८ रेटिंगचा, नववीत शिकणारा एक मराठी मुलगा होता. प्रत्येकाला ९० मिनिटे आणि पहिल्या खेळीपासून दर खेळीला वाढीव ३० सेकंद, अशी वेळ होती. पांढऱ्याच्या ६७व्या खेळीला डाव बरोबरीत सुटला. त्यात प्रतिभेचा एकही क्षण नाही, आणि आपल्यासारख्यांचे बहुतेक डाव तसेच असल्यामुळे उदाहरणाला तो सोयीचा आहे.

खेळ्या वाचण्यापुरते एवढे लक्षात असू द्यावे की पांढऱ्याच्या बाजूने पाहता डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि खालून वर आडव्या रांगांना १ ते ८ अशी नावे आहेत. नुसते ‘ई४’ लिहिले तर ती प्याद्याची खेळी समजावी, आणि मारण्यासाठी × ही खूण समजावी. ‘किल्लेकोट’ म्हणजे एकाच खेळीत राजा कोपऱ्याकडे नेऊन हत्ती त्याच्या पलीकडे ठेवणे.

स्कोअरशीट

तपासणीची सुरुवात घरी होत नाही. ती डाव चालू असताना, स्कोअरशीटवर होते. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांप्रमाणे खेळी करण्याआधी ती लिहून ठेवता येत नाही. खेळी करायची, घड्याळ दाबायचे आणि मग लिहायचे, हाच शिरस्ता आहे. परंतु खेळींव्यतिरिक्त घड्याळातली वेळ आणि बरोबरीचा प्रस्ताव या गोष्टी त्याच कागदावर लिहिण्याची मुभा आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. बरोबरीचा प्रस्ताव आला की त्या खेळीपुढे ‘=’ अशी खूण करणे तर नियमातच सांगितले आहे. वेळ मी दर पाच खेळ्यांनी लिहितो, आणि माझ्याकडे दहा मिनिटांपेक्षा कमी उरली की प्रत्येक खेळीनंतर लिहितो. त्यात दोन सेकंद जातात. पुढे ज्या तासभर तपासणीचा आधार तोच आकडा असतो, तिच्या मानाने ही किंमत काहीच नाही.

वाढीव ३० सेकंद असलेल्या डावात घड्याळात एकच मिनिट उरले तरी खेळी लिहिणे सुटत नाही, याबद्दल पुष्कळ जण कुरकुर करतात. शेवटच्या पाच मिनिटांत लिहिणे थांबवण्याची सवलत फक्त तेवढे वाढीव सेकंद नसलेल्या डावांत मिळते. मला मात्र हा नियम खेळाडूच्या हिताचा वाटतो, कारण चुका घाईतच होतात आणि नेमक्या त्याच खेळ्यांची नोंद एरवी आपल्याकडे उरली नसती. मूळ स्कोअरशीट आयोजकांच्या मालकीची असते, त्यामुळे खालची कार्बन प्रत आपल्याला वाचता येईल इतपत पेन दाबून लिहावे. माझ्या या डावाच्या प्रतीवर ४१व्या खेळीतला घोडा की हत्ती हे ओळखायला मला दहा मिनिटे लागली.

समोरच्याशी बोलणे

डाव संपला, हस्तांदोलन झाले, दोघांनी सह्या केल्या की खेळण्याच्या दालनाबाहेर जाऊन समोरच्याबरोबर डाव पुन्हा मांडावा. आत बोललात तर पंच बाहेर काढतील आणि ते योग्यच आहे. या बैठकीचा हेतू आपण काय काय पाहिले होते हे ऐकवण्याचा नसतो, आणि तसा तो होऊ लागला की समोरचाही आपली गणिते ऐकवू लागतो आणि दोघांच्याही हाती काही लागत नाही. मी आता तीनच गोष्टी विचारतो: तुला कोणत्या खेळीची भीती वाटत होती, कोणत्या ठिकाणी आपले बरे चालले आहे असे वाटले, आणि अमुक मारामारी, म्हणजे मोहऱ्यांची अदलाबदल, मी आधी देऊ केली असती तर तू घेतली असतीस का. उत्तर मिळाले की ते स्कोअरशीटच्या पाठीवर लिहून ठेवायचे. यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तो का, हे पुढे येईल.

आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. मुलाच्या आईने डब्यातून आणलेले पोहे, त्यावर घातलेला जिरावण हा इंदुरी मसाला, आणि पटावर पडलेले त्याचे कण असा तो सगळा प्रकार होता. इंदूरमध्ये अशी चर्चा दोघांत कधीच राहत नाही. पाच मिनिटांत चार माणसे गोळा होतात आणि दोन मराठी घरांतल्या खेळाडूंचा डाव हिंदीत सोडवू लागतात. त्यांतले एक गृहस्थ ५८व्या खेळीवर बोट ठेवून म्हणाले, “भिया, ये प्यादा क्यों चला?” मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, कारण मला ६०व्या खेळीबद्दल बोलायचे होते. मुलाने पोहे खाता खाता माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि मी ते जसेच्या तसे टिपले: “काका, हत्ती तर मी केव्हाही घेतला असता. एकच प्यादं आहे, राजा समोर आणला की बरोबरी होते, एवढंच मला माहीत होतं.”

रेटिंगचा हिशेब त्याच दिवशी उरकून टाकावा, नाहीतर तो डोक्यात घोळत राहतो. आमच्यात ६४ गुणांचा फरक होता. फिडेच्या तक्त्यात एवढ्या फरकाला वरच्या खेळाडूकडून ०.५९ गुणाची अपेक्षा असते. मिळाला ०.५, तूट ०.०९, माझा गुणक (ज्याने तूट गुणून रेटिंगमधला बदल काढतात तो आकडा) २०, म्हणजे माझे १.८ गुण गेले. मुलगा अठरा वर्षांखालचा असल्याने त्याचा गुणक ४०, म्हणून त्याला ३.६ मिळाले. झाले.

त्याच रात्री

घरी आल्यावर संगणक किंवा मोबाइल उघडण्याआधी एका वहीत डाव आठवून लिहावा. खेळ्या नव्हेत, त्या कागदावर आहेतच. त्या त्या वेळी मनात काय होते ते लिहावे. “१५वी: घोडा कुठे ठेवावा कळत नव्हते, म्हणून हत्ती हलवला.” “२३वी: प्यादे फुकट दिसले, दोनदा तपासले, घेतले.” “५८वी: काहीतरी पुढे सरकायला हवे असे वाटले.” अशी ओबडधोबड वाक्ये चालतात, किंबहुना तशीच हवीत. झोपून उठल्यावर मन स्वतःची बाजू सावरू लागते आणि जे घाईने केले ते योजनेने केले होते असे वाटू लागते. त्यातून इंजिनाचे, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीचे, उत्तर एकदा पाहिले की आपल्या मूळ विचाराचा मागमूसही राहत नाही. कमीपणा वाटेल असे काही लिहायला मन कचरत असेल, तर ही वही दुसऱ्या कोणाला दाखवायची नसते हे स्वतःला सांगावे.

दुसऱ्या दिवशी, खऱ्या पटावर

तपासणीसाठी खरा पट आणि खरी मोहरी घ्यावीत. मोबाइलवर बोट सरकवताना खेळ्या इतक्या झरझर जातात की त्यांच्यामधला काळ नाहीसा होतो. डाव खेळताना ज्या स्थितीपुढे आपण सतरा मिनिटे बसलो, ती स्क्रीनवर अर्ध्या सेकंदात मागे पडते. हाताने मोहरे उचलून ठेवताना निदान थांबावे लागते.

सुरुवातीच्या खेळ्यांवर फार वेळ घालवू नये. आमचा डाव इटालियन नावाच्या सुरुवातीचा होता: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ ४. किल्लेकोट घोडा एफ६ ५. डी३ डी६ ६. उंट जी५ एच६ ७. उंट एच४ किल्लेकोट. येथवर दोघांनी मिळून दहा मिनिटेही घेतली नाहीत, आणि मला सगळे सुरळीत वाटत होते. तपासताना मात्र सहाव्या खेळीपाशी थांबावे लागले. माझा राजा किल्लेकोटात जाऊन बसला होता, काळ्याचा अजून मध्यावर होता. अशा वेळी मी उंट जी५ वर नेऊन त्याच्या प्याद्यांना पुढे धावण्याचे आमंत्रण दिले होते. सातव्या खेळीला त्याने किल्लेकोट न करता जी५ केले असते, तर ती प्यादी थेट माझ्या राजावर आली असती आणि त्याचा स्वतःचा राजा त्या पडझडीपासून दूर राहिला असता. ही नवी गोष्ट नव्हे. १८६२ साली लंडनमध्ये, पुढे विश्वविजेता झालेल्या स्टाइनिट्झने दुबुआविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी याच क्रमाने जी५ आणि एच५ खेळून डाव जिंकला होता. मुलाने मात्र किल्लेकोट केला आणि प्रश्न मिटला, कारण त्यानंतर जी५ खेळणे म्हणजे स्वतःच्याच राजासमोरची भिंत पाडणे झाले असते.

अशा चुकांसाठी माझ्या वहीत वेगळे पान आहे: ज्यांची शिक्षा झाली नाही त्या चुका. हरलेल्या डावात त्या सापडतात, कारण आपण दोषी खेळी शोधत असतो. बरोबरीत किंवा जिंकलेल्या डावात त्या निसटतात आणि पुढच्या स्पर्धेत जास्त रेटिंगच्या माणसापुढे पुन्हा उगवतात. २३व्या खेळीला मला मिळालेले प्यादे याच्याच उलट जातीचे होते. त्यात माझे कौतुक काही नव्हते. मुलाने ते नजरचुकीने सोडले होते. जे प्यादे आपण जिंकले आणि जे समोरच्याने टाकले, यांत वहीत फरक करावा, कारण आपल्या खेळाविषयी माहिती पहिल्यातूनच मिळते.

पुढची पायरी घड्याळाची. वहीच्या एका पानावर खेळीचा क्रमांक आणि त्यापुढे उरलेली वेळ, एवढेच उतरवून काढावे, आणि पटाकडे न पाहता नुसते आकडे वाचावेत. माझ्या आकड्यांतून असे दिसले की १९व्या खेळीवर मी सतरा मिनिटे घालवली होती, आणि ती खेळी काय होती? घोड्याने घोडा मारल्यावर परत मारणे, जे दोन प्रकारे करता येत होते आणि दोन्ही प्रकार चांगले होते. या सतरा मिनिटांची वसुली मध्यडावाने केली नाही, ती शेवटाने केली. ४०व्या खेळीला माझ्याकडे बारा मिनिटे होती, ५७व्या खेळीनंतर तीन मिनिटे चाळीस सेकंद, आणि ५८व्या खेळीनंतर चार मिनिटे दोन सेकंद. शेवटचे दोन आकडे पुन्हा पाहावेत. वाढीव ३० सेकंद मिळूनही वेळ फक्त बावीस सेकंदांनी वाढली, म्हणजे त्या खेळीला मी आठ सेकंद दिले होते. जिथे दोन्ही वाटा चांगल्या होत्या तिथे सतरा मिनिटे, आणि जिथे एकच वाट पुढे नेत होती तिथे आठ सेकंद. एवढी गोष्ट मोहरी न मांडता कळली.

५८वी खेळी

आता पट मांडावा. पांढरा: राजा एफ४, हत्ती बी६, प्यादे ई३. काळा: राजा एफ८, हत्ती ए५. खेळी पांढऱ्याची. मला एक प्यादे जास्त, पण काळ्याचा हत्ती पाचव्या रांगेवर बसून माझ्या राजाला पुढे येऊ देत नाही. डाव असा चालला: ५८. ई४ हत्ती सी५ ५९. हत्ती ई६ हत्ती ए५ ६०. हत्ती ई५. राजाच्या आधाराने हत्ती समोर नेऊन मी मारामारी देऊ केली. हत्ती गेले की प्याद्याचा वजीर करता येईल असा माझा हिशेब होता. त्याने घेतला: ६०… हत्ती×ई५ ६१. राजा×ई५ राजा ई७, आणि राजे समोरासमोर आले, मधे एक घर, खेळी माझी.

या स्थितीला बुद्धिबळात अपोझिशन म्हणतात, आणि येथे ती काळ्याकडे आहे. राजांच्या मधे एकच घर असताना ज्याला खेळावे लागते त्याला बाजूला व्हावे लागते. मी डावीकडे गेलो तर तोही तिकडे येतो, उजवीकडे गेलो तर तोही येतो. मी पुढचा प्रयत्न केला: ६२. राजा डी५ राजा डी७ ६३. ई५ राजा ई७ ६४. ई६ राजा ई८. हे सरळ मागे जाणे हाच त्याचा एकमेव बचाव होता. डी८ वर गेला असता तर ६५. राजा डी६ राजा ई८ ६६. ई७ आणि वजीर होतोच. तो ई८ वरच गेला, आणि मग ६५. राजा डी६ राजा डी८ ६६. ई७ शह, राजा ई८ ६७. राजा ई६. काळ्याला शह नाही आणि खेळायला घरही नाही: स्टेलमेट, म्हणजे बरोबरी.

घरी येताना माझी खात्री होती की चूक ६०व्या खेळीत झाली, म्हणजे मारामारी देऊ करायला नको होती. वाचकालाही बहुधा तसेच वाटेल. तपासण्याची पद्धत अशी की जिथे दुखले तिथून एकेक खेळी मागे जावे आणि प्रत्येक ठिकाणी विचारावे: ही खेळी झाली नसती तर पुढचे सगळे तसेच चालले असते का? ६०वरून मागे ५९, मग ५८. ५८व्या खेळीपाशी पोहोचून मी प्यादे उचलून पुन्हा ई३ वर ठेवले आणि बाकीचा डाव तसाच खेळला: ५८. हत्ती ई६ हत्ती सी५ ५९. हत्ती ई५ हत्ती×ई५ ६०. राजा×ई५ राजा ई७. राजे तेच, घरे तीच, खेळी पुन्हा माझी. फक्त प्यादे एक घर मागे आहे. आता ६१. ई४! राजा जागचा हलला नाही, खेळी मात्र झाली, आणि बाजूला होण्याची पाळी काळ्यावर आली. ६१… राजा डी७ ६२. राजा एफ६ राजा ई८ ६३. राजा ई६ राजा डी८ ६४. राजा एफ७, आणि प्याद्याची पुढची चारही घरे मोकळी. काळा दुसऱ्या बाजूला गेला तर हेच आरशातल्यासारखे उलट होते.

म्हणजे ई४ ही खेळी वाईट नव्हती. ती मी ६१व्या खेळीला करायची होती, ५८व्याला खर्च केली. शेवटाच्या डावात प्याद्याची अशी एक शिल्लक खेळी खिशात असणे आणि नसणे यांत अर्धा गुण असतो. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक देशी बुद्धिबळ खेळत, त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर जाई. ते लोक प्यादे हलवताना इतका वेळ का घेत हे मला लहानपणी कोडे वाटे. व्हरांड्यातल्या त्या गृहस्थांनी बोट अगदी योग्य ठिकाणी ठेवले होते, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले.

कोणतीही जुनी स्थिती तपासताना प्याद्यांच्या खेळ्या, मारामाऱ्या आणि ज्या खेळीला दहा सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला त्या खेळ्या, या तीन ठिकाणी आधी थांबावे. ई४ या खेळीत यांतल्या दोन खुणा एकत्र होत्या.

इंजिन शेवटी

एवढे झाल्यावर संगणक उघडावा. स्टॉकफिश हे इंजिन फुकट मिळते आणि ते जगातल्या कोणत्याही माणसापेक्षा फार बलवान आहे, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. पण त्याला काय विचारायचे हे ठरवावे लागते. डावपेचांच्या चुका, म्हणजे फुकट गेलेले मोहरे, न दिसलेला दुहेरी हल्ला, दोन खेळ्यांतली मात, यांच्यासाठी त्याचा शब्द अखेरचा मानावा आणि आपल्या वहीतली वाक्ये त्याच्याशी ताडून पाहावीत. ०.३ किंवा ०.४ अशा फरकांकडे आपल्या पातळीवर पाहूच नये. एवढ्या फरकाने आपला एकही डाव आजवर ठरलेला नाही.

माझ्या डावाच्या शेवटाविषयी मात्र इंजिनाने काहीही सांगितले नाही. ५८. ई४ पुढे त्याने प्रश्नचिन्ह लावले नाही आणि ६०. हत्ती ई५ पुढेही नाही. कारण साधे आहे. काळ्याचा राजा प्याद्याच्या वाटेजवळ आहे, आणि हत्ती राखून अचूक खेळले तर काळा बरोबरी करू शकतो. मग प्यादे ई३ वर असो की ई४ वर. प्यादे मागे असताना मी हत्ती ई५ वर नेला असता, तर मारण्याऐवजी चौथ्या रांगेवरून शह देऊन त्याला मारामारी टाळता आली असती. इंजिन गृहीत धरते की काळा हे करील. त्याच्या लेखी आधीही बरोबरी होती आणि नंतरही बरोबरी आहे, मग चूक कोणती?

पण समोर इंजिन बसले नव्हते. समोर बसलेल्या मुलाने हत्ती “केव्हाही घेतला असता”, कारण ई३ आणि ई४ यांतला फरक त्यालाही माहीत नव्हता. त्या दिवशी, त्या दोन माणसांत, माझा अर्धा गुण ५८व्या खेळीला गेला, आणि त्याचा पुरावा कोणत्याही संगणकात नाही. तो स्कोअरशीटच्या पाठीवर, जिरावणाच्या पिवळ्या डागाशेजारी आहे. म्हणून आधी समोरच्याशी बोलणे, मग वही, मग पट आणि सर्वांत शेवटी इंजिन, हा क्रम मी सांगतो. उलट क्रमाने गेलो असतो तर “शेवट निर्दोष” अशी नोंद करून मी वही मिटली असती.

इंजिनाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या स्थितीत आपण चुकलो ती मांडून त्याच्याविरुद्ध खेळावी, आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या. राजा-प्याद्याच्या शेवटात ते बचाव चुकत नाही, त्यामुळे आपण जिंकलो तर खरोखरच जिंकलो असे समजायला हरकत नाही.

वहीत काय ठेवावे

एका डावामागे एक पान पुरते. माझ्या पानावर तीन ओळी आहेत: काळ्याचा राजा मध्यावर असताना सहाव्या खेळीला उंट जी५ नको; परत मारण्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको; हत्तींची मारामारी देऊ करण्याआधी हत्ती नसलेला पट मनात मांडून खेळी कोणाची ते मोजावे. यापेक्षा जास्त लिहिले तर पुढच्या स्पर्धेच्या सकाळी ते वाचून होत नाही.

पंधरा दिवसांनी तो मुलगा रविवारी आमच्याकडे आला. आम्ही ती स्थिती मांडली आणि आलटून पालटून दोन्ही बाजूंनी, प्यादे एकदा ई३ वर आणि एकदा ई४ वर ठेवून, दहा-बारा वेळा खेळलो. एवढ्यात दोघांचेही हात बसले. मग त्याने न सांगता दोन्ही राजे एकेक घर खाली आणले, पांढरा ई४ वर आणि काळा ई६ वर, प्यादे ई३ वर ठेवले आणि म्हणाला, “खेळी तुमची. आता?” मी बरोबरी म्हटले. त्याने प्यादे उचलून ई२ वर ठेवले. “आणि आता?” वाचकांनी या दोन स्थिती पटावर मांडून पाहाव्यात, पांढऱ्याच्या पहिल्या खेळीला आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ द्यावा, आणि उत्तर लिहून ठेवल्यावरच मोबाइल हातात घ्यावा.